मधल्या समुद्राचं पाणी

जहाजावर जाण्यात हनुमंतरावांचा फायदाच फायदा होता. तोटा शोधूनही सापडत नव्हता. सांबशिवरावांच्या घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, खांबाला टेकून, पेल्यातली कापी डबऱ्यात आणि डबऱ्यातली पेल्यात ओतत त्यांनी हा हिशेब पुन्हा एकदा तपासून घेतला. कॉलेजच्या रसायनशाळेत त्यांची उभी हयात काचसामान धुण्यात गेली होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत हनुमंतराव एकाहून जास्त होते, म्हणून लोकांनी सोयीसाठी यांना ‘बाटली हनुमंतराव’ करून टाकलं होतं. एकदा समुद्र पाहून आलं की ‘बाटली’ गळून पडणार होती. शिवाय ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेले सांबशिवराव, जे गल्लीत कुणाला आपण होऊन ‘या’ म्हणत नसत, ते आज त्यांना दुसऱ्यांदा कापी विचारत होते. एवढं तर बसल्या जागीच पदरात पडलं होतं.

“पोर हट्टाला पेटली आहे, हनुमंतराव,” सांबशिवराव म्हणाले. “मद्रासहून कप्पल सुटणार. त्यावर अस्के बाप्ये, बाई एक नाही. मी म्हटलं, घरचं कुणी वडीलधारं सांगाती असेल तर जा. नाहीतर मज सांगूसुद्धा नको.”

“अप्पा, अजून दोघी आहेत म्हणून सांगितलं की मी,” दारातून अखिला म्हणाली.

“त्या कुणाच्या पोरी, मज काय ठाऊक?”

अखिला सांबशिवरावांची धाकटी. समुद्र हवेतला धूर किती गिळतो, हे मोजण्यावर ती मद्रासला पीएचडी करत होती. ही गोष्ट गल्लीत तिने अनेकांना समजावून सांगितली होती आणि प्रत्येकाने शेवटी एकच विचारलं होतं, “मग लग्न कधी?” तिच्या सुब्रमण्यम सरांना या सफरीत काचसामान सांभाळायला एक जाणता माणूस हवा होता. अखिलाने गल्लीच्या नात्याने मामा असलेल्या हनुमंतरावांचं नाव सुचवलं आणि एका दगडात दोन पक्षी मारले. सरांना माणूस मिळाला, बापाला राखणदार.

“मामा, याल ना?” तिने विचारलं. तिचा सगळा समुद्र त्या ‘याल’वर टांगलेला होता, आणि हे हनुमंतरावांना कळत होतं. म्हणून त्यांनी कापीचा शेवटचा घोट जरा सावकाशच घेतला.

“तुझ्यासाठी नको का यायला?” ते म्हणाले.

घरी आल्यावर कनकलता, त्यांची बायको, एवढंच म्हणाली, “पापनाशमच्या बसमध्ये तुम्हांला लिंबू हुंगावं लागतं.” हनुमंतरावांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढ्यात आतून गंगाबाईंनी हाक मारली.

गंगाबाई त्यांच्या आत्या. लग्नाची हळद निघायच्या आत नवरा भीमसेनराव नागपट्टणमहून जहाजाने पिनांगला निघाला, रबराच्या मळ्यावर कारकुनी करायला. वाटेत ताप आला. कप्तानाने मंत्राशिवाय, कापडात गुंडाळून त्याला समुद्रात सोडलं. तेव्हापासून दर आडी अमावास्येला, आषाढातल्या पितरांच्या दिवशी, आत्या वेदारण्यमच्या किनाऱ्यावर जाऊन गुडघाभर पाण्यात उभी राहत असे. आता गुडघेच उरले नव्हते.

“हनुमा, कप्पलवर जातोस म्हणे?”

“हो, आत्या.”

“किनाऱ्याचं पाणी अस्क्यांचं असतं रे. फुलं, केस, साबण, काय नाही त्यात? ते तिथे कुठे आहेत? ते मध्ये आहेत. मज मधलं पाणी आण. सोंबूभर नको, घोटभर पुरे. अमावास्येला तीर्थ घेईन आणि मोकळी होईन.”

“आणतो, आत्या,” हनुमंतराव म्हणाले, आणि गरज नसताना पुढे जोडलं, “माझ्या हाताने काढून आणतो.”

माणसाचं नुकसान बहुधा असल्या पुढच्या वाक्यातच होतं.

*

मद्रास बंदराची भिंत मागे पडली आणि हनुमंतरावांचा हिशेब पहिल्याच आकड्याला चुकला. आषाढातला समुद्र होता. जहाज पुढे जाण्यापेक्षा खालीवरच जास्त होत होतं. पहिल्या दिवशी जेवणघरात सुब्रमण्यम सर सगळ्यांना उभं करून समजावत होते: कुठली बाटली कशाची, कुठली कुणी हाताळायची, कशात काय घालायचं. सगळं नीट ऐकायचं, असं ठरवून हनुमंतराव पुढच्या रांगेत उभे राहिले होते. सर लाल खुणेच्या बाटल्यांपर्यंत आले, तोवर हनुमंतराव कठड्याला लटकून सकाळची इडली बंगालच्या उपसागराला परत करत होते.

त्यानंतर ते बिछान्याला लागले ते लागलेच. खालच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या धडधडीत, भिंतीकडे तोंड करून राखणदार पडून होता आणि जिची राखण करायची ती दिवसातून अनेकदा लिंबाची फोड आणि दहीभाताचं पातेलं घेऊन जिना उतरत होती.

“मामा, दोन घास.”

“समुद्राचं नाव काढू नको.”

“दहीभात म्हटलं मी. समुद्र कुठे म्हटला?”

“तोही हलतोच आहे की त्या पातेल्यात.”

अखिला खळखळून हसली. मग त्यांच्या कपाळावर ओला पंचा ठेवत म्हणाली, “तुमची पाळी मी करते. बाटल्या मी धुते. सरांनी विचारलं तर सांगते, मामा खाली काचसामान बघताहेत.”

“आणि तुझी पाळी?”

“तीही मीच करते.”

“अय्यो, पोरी! मी तुझा राखणदार म्हणून आलो.”

“हो की. राखा ना. पडून राखा.” जिन्यावर ती वळली. “अप्पांना नाही सांगणार, मामा. भिऊ नका.”

वडीलधाऱ्या माणसाला ‘भिऊ नका’ ऐकून राग यायला हवा होता. हनुमंतरावांना बरं वाटलं. ती त्यांच्या नावावर चढलेली पहिली उधारी, आणि ती पैशाची असती तर किती बरं झालं असतं.

एकदाच, समुद्र जरा निवला तेव्हा, ते भिंती धरत डेकवर आले. जहाज उभं होतं. यारीच्या तारेवरून उभ्या नळकांड्यांचं एक मोठं कडं पाण्यातून वर येत होतं. ते डेकवर टेकलं तशी अखिला पुढे धावली. रबरी नळी लावून ती एकेका नळकांड्यातलं पाणी काचेच्या बाटल्यांत भरू लागली. अगदी हलक्या हाताने, बुडबुडा न येऊ देता, दिव्यात तेल घालावं तसं. एकेका खोलीच्या पाण्याच्या दोन-दोन बाटल्या. दिवसच्या दिवस दोन माणसांचं काम करून तिचे डोळे आत गेले होते, पण चेहरा असा काही उजळला होता की हनुमंतरावांना तिच्या बारशाच्या वेळची तिची आई आठवली.

“हात लावून बघा, मामा. हे अगदी तळाचं.”

पाणी बर्फासारखं गार होतं. वर ऊन भाजत होतं.

“तिथे उजेड कधी पोचत नाही,” अखिला म्हणाली. “हे पाणी वर होतं तेव्हा आपल्या तंजावुरात राजे होते, असं समजा. मग जे खाली गेलं ते आज वर येतंय. मधे कुणी पाहिलंच नाही त्याला.”

हनुमंतरावांच्या मनात आत्या आली. बादली दोरीला बांधून पाणी काढायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. दोर पिशवीत होता. पण कठड्यापाशी जाऊन खाली वाकले मात्र, आणि समुद्राने त्यांना पुन्हा केबिनमध्ये पाठवून दिलं.

*

परत मद्रास बंदरात जहाज धक्क्याला लागलं तसे हनुमंतराव एकदम माणसात आले. आजवरची लाज भरून काढायला म्हणून ते बाटल्या पेट्यांत भरायला पुढे झाले. अखिला नको म्हणत असताना तिला खुर्चीवर बसवलं, आणि ती बसल्या बसल्या झोपली.

कागदात गुंडाळून बाटल्या रचताना त्यांचा हात थांबला. प्रत्येक खोलीची जोडी होती: एक साधी, आणि एकीच्या काचेच्या बुचावर लाल टिपका. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या दिवशी हनुमंतराव स्वतः प्रत्येक द्रावणाची एक बाटली जास्तीची भरून ठेवत. कुणी ना कुणी पोरगं एक फोडणार, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव. त्यामुळे दुसरी बाटली दिसली की ती जास्तीची, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. मग ती विचारायची काय गरज? आणि वर तो लाल टिपका. गोल, तुळतुळीत, अंगठ्याएवढा नाही, करंगळीएवढा. हळदीकुंकवाचं बोट लावून ठेवल्यासारखा.

धक्क्यापाशी पाणी होतं, पण ते काळं, तेलकट. त्यात टोमॅटो आणि चपला तरंगत होत्या. ते भरून ‘मधलं पाणी’ म्हणून आत्याला द्यायला त्यांचं मन धजेना. आत्याला फसवायचं नाही, म्हणून त्यांनी सरकारला फसवायचं ठरवलं. आणि या व्यवहारात सरकार म्हणजे खुर्चीवर झोपलेली अखिला, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर टिकलं नाही. त्यांनी तळाच्या पाण्याची लाल टिपक्याची बाटली पंच्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवली. जितकं खोल, तितकं पवित्र.

अखिला नमुन्यांबरोबर मद्रासलाच राहिली. हनुमंतराव एकटे तंजावूरला आले, आणि त्यामुळे सफरीची हकीकत सांगायला एकच तोंड उरलं.

ते तोंड काही गप्प बसलं नाही. लाटा केवढ्या, यारी कशी, बाटली भरताना श्वास कसा धरावा लागतो. आणि “पोरीच्या जातीला झेपतं का, पण मी होतो म्हणून,” इथपर्यंत मजल गेली. गल्लीच्या मारुतीपुढे सांबशिवरावांच्या हस्ते शाल आणि नारळ दिला गेला. शाल अंगावर पडताना हनुमंतरावांना केबिनची भिंत आठवली. पण खांदे त्यांनी ताठच ठेवले. कनकलता बायकांत उभी होती. घरी आल्यावर तिने त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून वाळलेल्या लिंबाची साल काढली आणि कोनाड्यात ठेवली.

आत्याला बाटली दिली तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती हातात धरून बसली. मग बुचावरच्या लाल टिपक्यावर तिचं बोट थांबलं.

“हे कुणी लावलं?”

“असंच असतं, आत्या.”

“कुंकू लावून पाठवलंय,” आत्या हलकेच म्हणाली. इतक्या वर्षांत त्या घरात आत्याच्या समोर कुणी तो शब्द उच्चारत नसे. हनुमंतरावांनी मान खाली घातली. तेव्हाही ‘ही बाटली अखिलाची आहे’ म्हणायला वेळ होता.

*

आडी अमावास्येला सकाळीच गल्लीतल्या बायका हनुमंतरावांच्या घरी जमल्या. बाटलीची बातमी फुटली होती. मधल्या समुद्राचं तीर्थ म्हणजे काही रोजची गोष्ट नाही. ज्यांचं कुणी बुडालं नव्हतं त्याही आल्या होत्या. देवापुढे चांदीचं पंचपात्र, पळी, आणि पाटावर पांढऱ्या लुगड्यात आत्या. हनुमंतराव ओली वेष्टी नेसून उभे होते, इतक्यात सांबशिवराव दारात.

“अखिलाचा फोन. तुम्हांलाच बोलवा म्हणते.”

टेलिफोन सांबशिवरावांकडे नुकताच आला होता. पूर्वी नंबर लावून म्हातारं व्हावं लागे. आता पोरगी मद्रासहून बोलते आणि बाप ऐकतो. त्यावर भरतकामाचा रुमाल असे आणि तो उचलण्याचा मान सांबशिवराव दुसऱ्या कुणाला देत नसत. हनुमंतरावांनी रिसीव्हर कानाला लावला, आणि सांबशिवराव कौतुकाने शेजारीच उभे राहिले.

“मामा, माझी एक बाटली कमी आहे,” अखिलाचा आवाज लांबून, खरखरत आला. “तळाचीच. पेट्या तुम्ही भरल्या होत्या म्हणून विचारते. चुकून तुमच्या पिशवीत तर…”

“नाही ग,” हनुमंतराव म्हणाले.

सांबशिवराव हसत होते. ते नसते तर हनुमंतराव खरं बोलले असते का? हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला, आणि दर वेळी उत्तर सांबशिवरावांच्या गळ्यात घालून मोकळे झाले.

“सरी, असू दे. तुमच्याकडे असती तर बरं झालं असतं. हमालाने नेली असेल तर भीती वाटते. लाल टिपक्याच्या बाटल्यांत विष असतं ना, मामा. मर्क्युरिक क्लोराइड. पाण्यातलं काही जगू नये, पाणी होतं तसं राहावं म्हणून. सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.”

मर्क्युरिक क्लोराइड. रसायनशाळेच्या कुलूपबंद कपाटात, कवटीचं चित्र असलेली ती बाटली हनुमंतराव फडक्याने धरून पुसत असत.

“कुणी… कुणी प्यायलं तर?”

“कोण पिईल, मामा?” अखिला थकून हसली. “खारं पाणी ते.”

रिसीव्हर लोंबकळत राहिला. ओल्या वेष्टीत, सोवळ्यात, हनुमंतराव गल्लीतून धावत सुटले. त्या गल्लीने त्यांना कधी भराभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

घरात बूच निघालं होतं. पंचपात्र भरलं होतं. कनकलतेने आत्याच्या तळव्यावर पळी रिकामी केली होती, आत्याचे डोळे मिटले होते, आणि हात ओठांशी चालला होता.

हनुमंतरावांनी त्या हातावर फटका मारला.

पाणी उडालं. धक्क्याने बाटली पाटावरून पडली आणि फुटली. पंचपात्र त्यांनी स्वतःच लाथेने उडवलं. पळी घरंगळत जाऊन भिंतीला लागली.

“काच!” हनुमंतराव ओरडले. “काच होती पाण्यात! कुणी हात लावू नका. कुणी बोटसुद्धा लावू नका!”

“बाटली तर तुम्ही आल्यावर फुटली,” एक बाई म्हणाली.

“आधीच तडकली होती. मी फोनवर होतो तेव्हा आठवलं मला.”

हे कुणाला पटलं नाही. पण ज्याला नुकतीच शाल पांघरली त्याला खोटं कसं म्हणायचं? बायका पदर सावरत एकेक करून उठल्या. हनुमंतरावांनी आत्याला मोरीवर नेऊन तिचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, ती ‘पुरे रे’ म्हणत असताना आणखी धुतले. रस्त्यावरची वाळू आणून जमिनीवर पसरली, काचा वेचल्या, सगळं परसात खोल पुरलं. बूच तेवढं सापडलं नाही. तेही मातीत गेलं असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कनकलता खांबाला टेकून बघत होती. “अखिला काय म्हणाली फोनवर?” तिने विचारलं.

“काही नाही. खुशाली.”

आत्या तिथेच पाटावर बसून होती. फटका बसलेल्या हाताला दुसऱ्या हाताने कुरवाळत होती. ती रागावली असती, रडली असती, तर हनुमंतरावांना सोसलं असतं.

“तुज दोष नाही, हनुमा,” ती म्हणाली. “त्यांनीच नको म्हटलं. ओठापर्यंत आले आणि परत गेले. माझ्यातच काही कमी असेल.”

हनुमंतरावांनी तोंड उघडलं. ‘आत्या, ते विष होतं, मी चोरून आणलं होतं,’ एवढं वाक्य तयार होतं. त्या वाक्याने आत्याचा नवरा तिला परत मिळाला असता. मात्र सांबशिवराव दारात येऊन उभे होते आणि विचारत होते, “काय झालं हो?”

“पाय घसरला,” हनुमंतराव म्हणाले.

*

पुढचं सगळं सांबशिवरावांकडूनच, तुकड्यातुकड्याने कळत गेलं. सुब्रमण्यम सर चिडले होते. साध्या बाटल्यांत नुसतं मीठ मोजायचं होतं, गिळलेला धूर मोजायचा तो लाल टिपक्याच्या बाटल्यांत; वरून खालपर्यंत सगळं मोजलं आणि नेमका तळच नाही. त्या एका बाटलीवाचून त्या ठिकाणची सारी मेहनत लंगडी पडली. पेट्या कुणी भरल्या, असं विचारलं तेव्हा अखिला ‘मीच’ म्हणाली. मामांचं नाव घेतलं असतं तर मग आधीचे सगळे दिवस मामा कुठे होते, हेही निघालं असतं. हिवाळ्यातल्या सफरीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

“बरंच झालं म्हणा,” सांबशिवराव म्हणाले. “एकदा समुद्र पाहिला, हौस फिटली. आता स्थळ आलं आहे. मुलगा कॉम्प्युटरचा, अमेरिकेत. तोही समुद्रापलीकडेच की! विमानाने ओलांडू दे.” आणि स्वतःच्या विनोदावर हसले. हनुमंतरावही हसले. न हसून सांगणार काय होते?

नवरात्रात घरोघर गोलूच्या पायऱ्या मांडल्या गेल्या. हनुमंतरावांच्या घरीही कनकलतेने पांढऱ्या वेष्टीने झाकलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या रचल्या: राजाराणी, वाणी-वाणीण, दहा अवतार. सगळ्यांत वर कलशाशेजारी आत्याने पदराच्या गाठीतून काढून काहीतरी ठेवलं. लाल टिपक्याचं काचेचं बूच. त्या गोंधळात तिने ते उचलून जपून ठेवलं होतं. ती रोज सकाळी ते डोळ्यांना लावत होती.

हनुमंतरावांनी ते पाहिलं. उतरवून धुवावं, एवढंच करायचं होतं. काच धुण्यात तर जन्म गेला होता. पण ‘कशास धुतोस?’ असं आत्याने विचारलं असतं. म्हणून ते रोज बघत राहिले, रोज आत्याचे डोळे तपासत राहिले, आणि हात मात्र मागे बांधून राहिले.

अखिला आली ती संध्याकाळची, हळदीकुंकवाला. बरीच वाळली होती. बायकांनी तिला अमेरिकेवरून छेडलं, तिने हसून सोडून दिलं. गोलू बघता बघता तिची नजर वरच्या पायरीवर गेली आणि तिथेच थांबली. जहाजावर लाल खुणेची लेबलं भिजून गळू लागली तेव्हा तिने बुचांवर आपल्या नखांना लावायचा लाल रंग लावला होता. स्वतःच्या हातचा टिपका कोण विसरेल?

तिने हनुमंतरावांकडे पाहिलं. त्यांनी बाहुल्यांकडे पाहिलं.

“आत्याजी, हे काय ठेवलंत?” अखिलाने विचारलं.

“ते मधल्या समुद्राचं आहे ग. पाणी नाही मिळालं माझ्या नशिबी. हे तेवढं राहिलं.” आणि मग आत्याने सगळं सांगितलं. हातावरचं पाणी, फटका, काच, आणि ‘त्यांनी नको म्हटलं’ हेही. अखिला पाटाशेजारी बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने पुन्हा एकदा वरच्या पायरीकडे पाहिलं.

मग म्हणाली, “आत्याजी, ते पाणी मी काढलं होतं. माझ्या हाताने. अगदी तळातलं.”

“तू? हनुमा म्हणाला होता…”

“मामांनी तिथून इथे आणलं. आणि तुमच्या यजमानांनी नको नाही म्हटलं, आत्याजी. नको म्हणणारं पाणी इतक्या खालून वर येत नाही.” तिने बूच उचललं. “हे चिकट झालंय. धूळ बसेल. धुऊन देते.”

परसात नळाजवळच्या बादलीपाशी ती साबण घेऊन बसली. हनुमंतराव मागोमाग गेले आणि सोंबूने पाणी ओतू लागले. तिने बुचाच्या मानेवरचं जुनं ग्रीस नखाने काढलं. धुतलं. पुन्हा साबण लावला. पुन्हा धुतलं.

“अखिला, मी…”

“पाणी ओता, मामा.”

त्यांनी ओतलं.

“धुतलं असं वाटलं की आणखी एकदा धुवायचं,” ती बुचाकडे बघत म्हणाली. “लहानपणी तुमच्या रसायनशाळेत आले होते तेव्हा तुम्हीच शिकवलं होतं.”

तिने ते आणखी एकदा धुतलं. मग आपल्या नव्या रेशमी दावणीच्या पदराने पुसून आत नेलं आणि वरच्या पायरीवर ठेवलं. लाल टिपका गेला नव्हता. दिव्याच्या उजेडात काच लखलखत होती.

“बघ रे हनुमा, पोरीने धुतलं तर कसं चमकतंय,” आत्या म्हणाली. “तुज कधी जमलं नाही असं.”

रिवाजाप्रमाणे कनकलतेने अखिलाच्या पदरात विडा, सुंडलच्या उसळीचा द्रोण आणि नारळ घातला. तिच्या निरोपाला हनुमंतराव तिण्णैपर्यंत गेले. त्यापुढे पाऊल उचललं नाही.

हिशेब एवढाच राहतो. आत्याने एका सकाळी आपला नवरा पुन्हा घालवला, आणि दोन महिने त्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. अखिलाने आपला समुद्र दिला, आणि जाता जाता आत्याला तिचा नवरा परतही केला. हनुमंतरावांना यात स्वतःचं असं काहीच द्यावं लागलं नाही. गल्लीत त्यांना आता कुणी बाटली हनुमंतराव म्हणत नाही. ‘समुद्र हनुमंतराव’ म्हणतात. कुणी तशी हाक मारली की ते ओ देतात.